बाबांचा डावा स्पीकर

प्रिय आमू,

तुला आणि दिग्विजयला जयभीम. पाकीट जाड लागलं म्हणून आधी शेवटचं पान उघडू नकोस. तुझी ती सवय मला माहीत आहे. घरी सगळे ठणठणीत आहेत आणि बातमी आनंदाचीच आहे. फोनवरही सांगता आली असती, पण आपला फोन हॉलमध्ये, आणि सध्या अख्खं घर हॉलमध्येच राहतं. शिवाय काही गोष्टी ओळीने सांगितल्या तरच कळतात, आणि फोनवर तू मला दोन वाक्यं ओळीने बोलू देत नाहीस. आयुष्यभर फळ्यासमोर उभं राहून बोललेल्या बाईला हे फार लागतं.

तर सुरुवात आयुषपासून. दिवाळीच्या आधी तो हिंजवडीतल्या कुठल्याशा मित्राकडे जेवायला गेला आणि तिथून ‘होम थिएटर’ हे दोन शब्द घेऊन घरी आला. मग आठवडाभर दुसरं बोलणं नाही. एका शनिवारी टेम्पो येऊन दाराशी उभा. मोठा सपाट पडद्याचा टीव्ही, डीव्हीडीचं यंत्र, रिसीव्हर नावाचा एक काळा जड डबा, पाच चिमुकले स्पीकर आणि एक चौकोनी ठोकळा. या ठोकळ्यातून म्हणे फक्त धडधड येते. मी म्हटलं, धडधडीसाठी वेगळा डबा कशाला, आपल्या मिक्सरमधून येतेच की. पूर्णिमा हसली. आयुष मात्र मला धडधडीचं महत्त्व समजावत बसला. तुझे बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, “हॉल एकच आहे. त्यात गाणं राहील नाहीतर सर्कस राहील. दोन्हींचं रेशनकार्ड एका पत्त्यावर निघत नाही.”

गाणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. खडकीच्या क्वार्टरमध्ये आपल्याकडे धड कपाट नव्हतं तेव्हापासून ते दोन मोठे स्पीकर आहेत. शनिवार पेठेतल्या सुताराकडून बाबांनी त्यांना सागवानी पेट्या करून घेतल्या होत्या आणि तू बालवाडीत असताना त्यांच्याइतकीच उंच होतीस. रविवारी सकाळी कारखान्याला सुट्टी असली की वेताची खुर्ची मधोमध यायची, आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर सुरू व्हायचा, कॅसेट लागायची, आणि मग घरात कुणी बोलायचं नाही. कुकरची शिट्टी झाली तर बाबा कुकरकडे असे बघायचे की दुसरी शिट्टी करायची त्याची हिंमत होत नसे. आधी भीमगीतं, मग कुणाचा तरी ख्याल, आणि ख्याल संपेपर्यंत आपल्या पोह्यांचा दगड. पण धायरीला राहायला आलो आणि हे सगळं हळूहळू थांबलं. स्पीकर एका कोपऱ्यात शेजारी शेजारी उभे राहिले, त्यांच्यावर मी फुलदाण्या ठेवल्या, तरी बाबा काही बोलले नाहीत. विचारलं तर म्हणायचे, इथे जागा नीट नाही, आवाज जमत नाही. मला वाटलं, निवृत्त माणसाचं मन कशातच लागत नाही, तसं असेल.

पण खोकी आली आणि त्या फुलदाण्या त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवल्या. आठ दिवस बापलेकांचं नुसतं जुंपलेलं. आयुष म्हणे, टीव्ही मधल्या भिंतीला. बाबा म्हणे, त्या भिंतीला माझे स्पीकर. आयुष म्हणे, सोफा मागच्या भिंतीला टेकवू. बाबा म्हणे, भिंतीला टेकून गाणं ऐकायला मी काय तिकिटाच्या रांगेत उभा आहे. मी दोघांनाही आमटी वाढत राहिले. शेवटी पूर्णिमा बोलली. आपली सून इन्स्ट्रुमेंटेशनची इंजिनिअर आहे, हे आपण विसरतोच, कारण ती ते कधी सांगत नाही. म्हणाली, “पाचातले पुढचे दोन चिमुकले स्पीकर बाबांच्या स्पीकरपुढे काहीच नाहीत. त्या दोघांना सुट्टी द्या. बाबांचेच स्पीकर सिनेमालाही वापरू. मधला टीव्हीखाली, मागचे दोन मागे. सिनेमा लागला की आयुषचा रिसीव्हर बाबांच्या ॲम्प्लिफायरला आवाज देईल. गाणं लागलं की रिसीव्हर बंद, टीव्ही बंद, बाकीचे सगळे गप्प, आणि बाबांचा ॲम्प्लिफायर एकटा राजा.” दोघेही लगेच कबूल झाले, कारण दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटलं.

त्या रविवारी आम्ही चौघांनी मिळून हॉल लावला. इतकी मजा मला घर बदलतानाही आली नव्हती. सोफा भिंतीपासून पुढे ओढला. फरशीवर आवाज घुमतो म्हणून माझी जुनी सतरंजी अंथरली. टीव्हीची काच गाणं खराब करते असं बाबांचं म्हणणं पडलं, म्हणून मी निळ्या इरकलीचा पडदा शिवून दिला. गाणं चालू असलं की टीव्ही आता पदर घेऊन बसतो. सिनेमाच्या वेळी ॲम्प्लिफायरचं बटण नेमकं कुठवर फिरवायचं हे कुणाच्या लक्षात राहीना, तर पूर्णिमाने माझ्या पाकिटातली एक लाल टिकली काढून त्या जागेवर चिकटवली. आणि सगळ्यात शेवटी टेपने मोजून दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर बाबांची वेताची खुर्ची ठेवली.

पहिला मान सिनेमाला मिळाला. युद्धाचा कुठला तरी इंग्रजी सिनेमा. एक विमान स्वयंपाकघराकडून आलं आणि आपल्या शोकेसवरून टीव्हीत शिरलं. मी खरंच मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी दाराला चिठ्ठी लावलेली होती. खालच्या मजल्यावरच्या तात्यारावांनी लिहिलं होतं, “आमच्याकडे काल तिकीट न काढता युद्ध झाले. मनुष्यहानी नाही. कळावे.” बाबांनी त्याच चिठ्ठीखाली लिहिलं, “पुढील युद्धास सहकुटुंब यावे,” आणि ती परत त्यांच्या दाराला लावून आले. ते आले, पत्नीला, मुक्ताईंना घेऊन, आणि मुक्ताई चिवड्याचा डबा घेऊन. आता शनिवारी संध्याकाळी तात्याराव जिन्यातूनच विचारतात, आज काय लागणार.

मला नवल वाटलं ते बाबांचं. ज्यांनी सर्कस म्हणून हिणवलं, तेच सिनेमाला सगळ्यांच्या आधी येऊन बसू लागले. टीव्हीखालच्या त्या मधल्या स्पीकरसमोर, अगदी जवळ. एकदा मला म्हणाले, “या डब्यातून माणसं काय बोलतात ते स्पष्ट कळतं.” मी म्हटलं, तेवढ्यासाठीच तो ठेवलाय ना.

भांडण निघालं ते गाण्यावरून. सिनेमा मस्त, पण गाणं लावलं की बाबांचा चेहरा पडायचा. म्हणायचे, डावा स्पीकर गेलाय. आयुष ऐकायचा, म्हणायचा चालू आहे. बाबा म्हणायचे, तुझ्या हेडफोनने तुझे कान भाजलेत. आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने ऐकलं, तर वाजत होता. पण बाबा ऐकेनात. शेवटी बुधवार पेठेतल्या दुकानातून दशरथ नावाच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने तासभर तपासून सांगितलं, काका, डावा एकदम ठीक आहे. बाबा खुर्चीत बसून म्हणाले, “तुम्हाला ठीक असेल, मला मेलेला आहे.” मग त्याने वायरी उलटसुलट केल्या, डावीकडची उजवीकडे, उजवीकडची डावीकडे. बाबा म्हणाले, “अजून डावाच.” म्हणजे वायर नाही, स्पीकरच. मग आयुष आणि दशरथने मिळून त्या दोन पेट्या उचलून एकमेकींच्या जागी ठेवल्या. पुन्हा तेच गाणं. बाबा म्हणाले, “अजून डावाच.” आयुषने डोकं धरलं. म्हणाला, बाबा, स्पीकर बदलला, वायर बदलली, आता काय राहिलं. बाबा म्हणाले, “भिंत राहिली. बिल्डरने या घरात दुसरं काय धड दिलंय?”

आम्ही सगळे हसलो. पूर्णिमा हसली नाही. ती बाबांकडे बघत होती. मग अगदी सहज, चहा आणू का विचारावं तशी म्हणाली, “बाबा, एक मिनिट पाठ फिरवून बसता का? टीव्हीकडे पाठ.” बाबा कुरकुरत उठले, खुर्ची फिरवली आणि आमच्याकडे तोंड करून बसले. गाणं चालूच होतं. थोडा वेळ ऐकून म्हणाले, “हां. आता तो झाला बरा. उत्तम वाजतोय.” आणि लगेच, “पण आता दुसरा गेला.”

हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं आणि त्यांनी ते स्वतःच ऐकलं. मी त्यांचा चेहरा बघत होते, आमू. आयुषला समजायला जरा वेळ लागला, मग तो खाली बघायला लागला. दशरथ मोठा समजूतदार. पक्कड पिशवीत टाकत म्हणाला, वायरी जुन्या आहेत काका, होतं असं कधी कधी. बाबा त्याला “बरं” म्हणाले, चपला घातल्या आणि बाहेर पडले.

मी मागोमाग निघाले. ऊन उतरलं होतं. ते कालव्याच्या रस्त्याला लागले होते. मी भरभर जाऊन त्यांच्या बरोबरीने चालू लागले, नेहमीसारखी डावीकडून, आणि बोलायला लागले. ते थांबले. माझ्या दंडाला धरून त्यांनी मला आपल्या उजवीकडे घेतलं आणि म्हणाले, “आता बोल.” इतकी वर्षं आम्ही बरोबर चालतोय. त्यातली अलीकडची किती मी एकटीच बोलत होते, कोण जाणे.

मग त्यांनीच सांगितलं. लहानपणी डावा कान फुटायचा, वाहायचा, मग बरा झाला म्हणून विसरले होते. निवृत्तीच्या आसपास तो हळूहळू मंद होत गेला. विहारात ते नेहमी डाव्या भिंतीला बसतात ना, त्याचं कारण हे. लग्नकार्यात लवकर जेवून निघतात, त्याचंही हेच. गाणं त्यांनी सोडलं नव्हतं, गाणं अर्धं झालं होतं. मी म्हटलं, मग सांगायचं नाही का कुणाला. म्हणाले, “काय सांगायचं? आज कान, उद्या गुडघा. घरात बातमीपत्र काढायचं का?” थोडं चालल्यावर म्हणाले, “गाण्याचं राहू दे. पोरीचा फोन येतो ना, ते जड जातं. आयुष्यभर फोन डाव्या हातात धरला, कारण उजव्या हातात पेन. कानाला लावला की ती विहिरीच्या तळातून बोलतेय असं वाटतं. आधी वाटलं, अमेरिकेची लाइन. पण ती बंगळूरला होती तेव्हाही असंच. होय म्हणावं तर कशाला होय म्हणतोय ते कळत नाही. म्हणून तुला देतो.” मी म्हटलं, उजव्या कानाला लावायचा होता. म्हणाले, “तो लावला की डावा गेला हे कबूल करावं लागतं.”

आणि तिथे, त्या कालव्याच्या कडेला, मला तुझा बंगळूरचा फोन आठवला. त्या दिवशी मी मंडईत गेले होते आणि फोन बाबांनी उचलला होता. तू त्यांना काय म्हणालीस ते तू मला नंतर शब्द न् शब्द सांगितलं होतंस. “बाबा, मी दिग्विजयशी लग्न करायचं ठरवलंय. तो आपल्यातला नाही. पण तुम्हाला चालणार नसेल तर मी पुढे जाणार नाही.” आणि ते म्हणाले होते, “बरं. आई बाजारात गेलीय, आल्यावर बोल.” तू दोन दिवस जेवली नव्हतीस. लग्नातही दिग्विजयने पाया पडून त्यांना विचारलं, बाबा, आमच्यावर राग नाही ना, तेव्हा ते समोर बघत उभे राहिले. दिग्विजय कुठल्या बाजूला उभा होता, ते आता आठवून बघ. विमानतळावर तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणालीस, बाबांनी मला मनातून काढून टाकलंय. मी तुला तेव्हा म्हटलं, तसं नाही गं, स्वभाव आहे त्यांचा. तू म्हणालीस, आई, तू पांघरूण घालतेस. खरं सांगायचं तर मलाही कारण ठाऊक नव्हतं.

ते सगळं मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं, मोठ्याने, उजव्या बाजूने. एक बाई कुत्रं फिरवत होती, तिनेही ऐकलं असेल. बाबा उभेच राहिले. म्हणाले, “तिने मला विचारलं होतं?” मी म्हटलं, हो, सगळ्यात आधी तुम्हालाच. म्हणाले, “मला वाटलं, तिने तुलाच सांगितलं. मला वाटलं, पोरगी शिकली, मोठी झाली, आता बापाला विचारायची गरज उरली नाही. म्हटलं, ठीक आहे, तिचं सुख ती बघतेय, आपण मध्ये बोलू नये.” आणि मग, आमू, ते हसले. डोळे भरलेले, आणि हसतायत. म्हणाले, “म्हणजे विचारलं होतं तर.” घरी येईपर्यंत तीन-चारदा तेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी काही म्हणायच्या आत बाबाच शर्टाला इस्त्री करून तयार. शनिवार पेठेत कानाचे एक डॉक्टर आहेत. दवाखान्यात पाटी आहे, “हळू बोलावे. डॉक्टरांना ऐकू येते.” बाबांचं त्यांच्याशी लगेच जमलं. डावा कान पुष्कळ गेलाय, उजवा थोडा, पण यंत्राने काम होईल असं ते म्हणाले. यंत्र शब्द ऐकल्यावर मात्र बाबा परत अडले. म्हाताऱ्यांचं लेणं म्हणाले. तेव्हा पूर्णिमा म्हणाली, “बाबा, तो ॲम्प्लिफायरच आहे. आपल्या हॉलमध्ये तुमचा आणि आयुषच्या रिसीव्हरमधला असे दोन आहेत, हा तिसरा. फक्त याला टिकली लावायला जागा नाही.” बाबांनी कान पुढे केला.

पहिले चार दिवस त्यांनी आम्हाला वैताग आणला. स्वतःच्या चपला वाजतात, पेपर वाजतो, तू भांडी इतकी आपटतेस हे मला माहीत नव्हतं, वगैरे. मग रविवारी त्यांनी टीव्हीवर पदर टाकला, खुर्चीत बसले आणि जुनी मैफिलीची कॅसेट लावली. मी कुकर चढवलाच नाही. गाणं सुरू झालं. बाबांनी डोळे मिटले आणि थोड्या वेळाने त्यांचा डावा हात हळूच वर आला, हवेत, स्पीकरच्या दिशेने. म्हणाले, “सारंगी इथे बसलीय.” मग उजवा हात उचलला. “तबला इथे.” आणि दोन हातांच्या मधली जागा दाखवून, “आणि बाई इथे गातायत.” आयुष दारात उभा होता. त्याला समजायला वेळ लागला नाही या वेळी. बाबा म्हणाले, “आवाज जरा पत्र्याचा आहे, पण माणसं सगळी आली.” त्या दिवशी पोह्यांचा पुन्हा दगड झाला आणि मी तो आनंदाने खाल्ला.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. हे मी तुला लिहितेय, हे बाबांना माहीत नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, म्हणजे तुमच्याकडे शनिवारची संध्याकाळ असेल, ते तुला फोन करणार आहेत. स्वतः, त्यांच्या हाताने नंबर फिरवून. त्यासाठी रोज तालीम चालते. पूर्णिमा मोबाइल घेऊन गच्चीवर जाते, तिथून घरी फोन लावते आणि पेपरातल्या बातम्या वाचते. बाबा इथे त्या मोठ्याने परत म्हणतात आणि मी पेपर धरून तपासते. परवा एकही चूक झाली नाही. पण बातम्या झाल्या की ते अंघोळीला जातात आणि तिथे एक वाक्य पाठ करतात, ते दाराबाहेर ऐकू येतं. “आमू, त्या दिवशी तू मला फोनवर काहीतरी विचारलं होतंस. मला ऐकू आलं नव्हतं. पुन्हा विचार.” म्हणून हे पत्र, पोरी. ते असं म्हणाले की ‘जाऊ द्या ना बाबा, झालं ते’ असं म्हणू नकोस. दिग्विजयला शेजारी बसव. आणि पहिल्यांदाच विचारतेयस असं, त्याच शब्दांत, सावकाश विचार. रडू नकोस, रडलं की त्या यंत्रात आवाज फाटतो. उत्तर त्यांनी ठरवून ठेवलंय. मला माहीत आहे ते, पण मी इथे लिहिणार नाही. ते तू त्यांच्याच तोंडून ऐक.

तुझीच,
आई